भायली गोळी

३ मार्च
आजपासून रोज एक पान लिहायचे. माझे विचार वाया जाता कामा नयेत.
बायकोला, सुलोचनाला, रक्ताच्या आजाराची गोळी रोज लागते. एक दिवसही चुकवायची नाही, असा डॉक्टरांचा दम आहे. मूळ कंपनीने सवलत बंद केली, भाव आकाशाला भिडले. डॉक्टरांनी जेनेरिक लिहून दिली. तेच औषध, पेटंट संपल्यामुळे स्वस्त. मी नुसता हसलो. स्वस्त म्हणजे काय, ते मी सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकचे पार्ट घेताना शिकलोय.

५ मार्च
शेजारची सिद्धी आली. डिचोलीला औषधांच्या फॅक्टरीत पॅकिंगला असते. म्हणाली, काका, ती गोळी आमच्याच फॅक्टरीत तयार होता, भायर देशात जाता, बिनघोर घेवा. बिचारी. पॅकिंगवाल्यांना आतले काय कळणार?
मस्कतला मेव्हण्याला, अनंतला, फोन केला. याच महिन्यात येतोय, तिकडची गोळी आणतो म्हणाला. आमच्या पेडण्यात भायला माल म्हणजे परदेशी, विषय संपला. त्याने आणलेले ब्लँकेट अजून नव्यासारखे आहे.

९ मार्च
वाचनालयात माझे व्याख्यान, ‘व्यापार करार आणि गरिबांचे औषध’. दणकून बोललो. श्रीमंत देश करारात पेटंटची मुदत वाढवून मागतात, त्यामुळे स्वस्त गोळी गरिबाच्या घरी उशिरा पोचते, आणि उशीर म्हणजे मरण. टाळ्या. सुलोचना पहिल्याच रांगेत. घरी येताना म्हणाली, मगे आमच्या घराक कित्याक उशीर?
आपल्याच घरी उशीर का, तर धोरण वेगळे, घर वेगळे, असे तिला समजावले.

१४ मार्च
घरातल्या जुन्या गोळ्या संपत आल्या. अनंत येईपर्यंत पुरवायला हव्यात, म्हणून एक दिवस आड देतोय. खाणीवर डिझेल असेच पुरवायचो. सिद्धी जेनेरिक घेतली का विचारायला पुन्हा आली, मी झोपलोय असे सुलोचनाला सांगायला लावले.

१७ मार्च
सुलोचना हट्टाला पेटली, देवाला विचारूया. गेलो. भायल्या गोळीची वाट पाहावी काय, असे गाऱ्हाणे घातले. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. देवाच्या डाव्या हाताची पडली. गुरव म्हणाला, देव नको म्हणता. मी शांतपणे दाखवून दिले की देवाची डावी ती समोर उभ्या असलेल्या आमची उजवी, आणि गोळी आम्हालाच घ्यायची आहे. त्याला हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते.
सुलोचनाने ती पाकळी उचलून चष्म्याच्या डबीत ठेवली.

२२ मार्च
गोळ्या संपल्या. अनंतची रजा पुढे गेली. सुलोचनाच्या दंडावर निळे डाग. कुठेतरी आपटली असेल.
भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही. पण आता माघार घेतली तर सिद्धीला काय तोंड दाखवू?

२७ मार्च, संध्याकाळ
ताप उतरेना. हॉस्पिटलात दाखल केले. गोळ्यांत खंड पडल्याचे मी बोललो नाही, सुलोचनानेच सांगितले. डॉक्टर माझ्याकडे वळून जेनेरिक आत्ता आणा म्हणाले. अनंत परवा उतरतोय, एवढे थांबलो तर दोन दिवसांनी काय होणार? मेडिकल स्टोअर बंद होते असे सांगितले.

२९ मार्च
मोपाच्या विमानतळावर जाऊन अनंतला घेतले. चकचकीत डबा, वर अरबी अक्षरे. मांडीवर घेऊनच वॉर्डात आलो. सिद्धी खाटेजवळ बसली होती.
सुलोचनाने चष्मा मागितला. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि माझ्यासमोर धरला. उत्पादनाचे ठिकाण डिचोली, गोवा.
सिद्धी हळूच म्हणाली, हो लॉट आमच्याच लाइनीवर भरलेलो. हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते.
डॉक्टर म्हणाले, खंड पडला की आजार गोळीला दाद देईनासा होऊ शकतो. आता ही लागू पडते की नाही, ते तपासण्या झाल्यावरच कळेल. मी मेडिकल स्टोअरचे खरे सांगायला तोंड उघडले. ते पुढच्या खाटेकडे गेले होते.
वाचनालयातून फोन आला, तेच व्याख्यान पुन्हा ठेवायचे म्हणतात. मी फोन बंद करून खिशात टाकला.
सुलोचनाने चष्मा डबीत ठेवताना आतली सुकलेली पाकळी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, देवाची डावी ती डावीच.