कमानीवरचा साठ

रविवार, ३ मार्च. सकाळी ८.४०

आजपासून रोजनिशी. कारण एकच: नोंद. माणसाकडे लेखी नोंद असली की समोरच्याची बोलायची टाप नसते. दर रविवारी निघाल्याची आणि पोचल्याची वेळ मिनिटासकट लिहायची.

निश्चय: दर रविवारी बरोबर साडेआठला निघायचं. आज साडेआठ होऊन गेले, पण ती चूक रोजनिशीची. कोरी वही शोधण्यात वेळ गेला.

संध्याकाळी ७.१५

निघालो ९.१२. पोचलो १०.०१. नव्वद किलोमीटर, एकोणपन्नास मिनिटं. दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं.

दहा ही ठमीला घ्यायची वेळ. ठमी माझी मुलगी, वय नऊ. ती तिच्या आईकडे असते, आणि तिची आई पलीकडच्या शहरात. बायको थोडे दिवस बदल म्हणून गेली आहे. त्या थोड्या दिवसांना आता चौदा महिने झाले. रविवारी दहा ते पाच ठमी माझी. अकरापर्यंत पोचलो नाही तर तो रविवार बुडाला, असं कागदावर ठरलंय. म्हणजे आठवड्याचे सात तास. त्यातलं एक मिनिट मी सोडणार नाही. बायकोने मागे सुचवलं होतं, साडेदहाला ये, सावकाश ये. मी बाणेदारपणे नकार दिला. दहा म्हणजे दहा.

आणि मी जिवाचं रान करून पोचतो तर पोरीचे केस ओले! पंचवीस मिनिटं जिन्यात उभा. दर रविवारी हेच. बायकोला वेळेची किंमत कधी कळलीच नाही.

मंगळवार, ५ मार्च. दुपारी १.३०, दुकानात

गिऱ्हाईक नाही. (मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो.) तेव्हा कमानींचा विषय एकदा मांडून ठेवतो.

एक्स्प्रेसवेवर दर दोन किलोमीटरला लोखंडी कमान. कमानीवर लाल गोलात आकडा. एरवी शंभर. मध्येच त्याचे ऐंशी, साठ, चाळीस होतात. आकड्याशेजारी कॅमेरा. आकड्याच्या वर गेलात की फोटो, आणि दहा-बारा दिवसांनी घरी नोटीस.

माझा अभ्यास असा की कुठल्यातरी कंट्रोल रूममध्ये एक माणूस बसलाय. मी त्याला आकडेराव म्हणतो. त्याला दुसरं काम नाही. माझी निळी गाडी दिसली की तो बटण दाबतो. रस्ता टकाटक मोकळा, आणि वर साठ! पण आकडा बदलल्यावर पहिलं एक मिनिट कॅमेरा सूट देतो. हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. चष्मा जाड होता, पण माणूस खात्रीचा. ते एक मिनिट माझं. मी नेहमी त्याच मिनिटात असतो.

मालकांना हे सगळं समजावून सांगितलं. मालकांनी विचारलं, नेहमी? मी म्हणालो, नेहमी. मालक काच पुसत राहिले.

रविवार, १० मार्च. संध्याकाळी ७

निघालो ९.१५ (किल्ली सापडेना). पोचलो १०.०२. सत्तेचाळीस मिनिटं! विक्रम. ठमी खाली आली १०.२५.

तलावावर गेलो. एक्स्प्रेसवेनेच पुढे वीस किलोमीटर. ठमी मागच्या सीटवर, दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून. गाडीत ती कधी झोपत नाही. इतरांची पोरं गाडी सुरू झाली की माना टाकतात. ही टक्क जागी. माझ्यावर गेलीय. कमानीवरचे आकडे मोठ्याने वाचते. शंभर. शंभर. ऐंशी. मग म्हणाली, बाबा, साठ. मी म्हणालो, तो ट्रकवाल्यांसाठी असतो. पुढच्या कमानीला म्हणाली, बाबा, परत साठ, आणि आपला काटा चौऱ्याण्णववर आहे. मी सांगितलं की मागून तिरकं पाहिलं की काटा पुढे गेलेला दिसतो. नजरेचा दोष आहे, माझा धंदाच आहे तो. पुढच्या कमानीला तिने नुसतं बोट वर केलं.

वळणापलीकडे मधल्या लेनमध्ये एक गाडी बंद पडलेली. कडेला एक बाई आणि दोन मुलं. कचकन ब्रेक दाबावा लागला. ठमीचं सरबत माझ्या मानेवर. योगायोग. पण ब्रेक काय लागले! या गाडीला तोड नाही.

सोडताना ठमीला सांगितलं, आईला उगाच काळजी नको, बोलू नकोस. तिने विचारलं, आईने विचारलं तरी नको का? मी म्हणालो, आई कशाला विचारेल.

शुक्रवार, १५ मार्च. सकाळी ८

नोटीस. तीन तारखेची. कमान साठ, मी एकशे सात. तीन पॉइंट. आकडेरावाने डाव साधला.

आधीचे सहा मी धरत नाही, ते गैरसमजातून झाले. त्यांच्या हिशेबाने एकूण नऊ. बारा झाले की लायसन्स सहा महिने जमा. म्हणजे अजून ऐसपैस जागा आहे.

निश्चय: रविवारी आठला निघायचं ठरवायचं. म्हणजे साडेआठला निघणं होईल.

रविवार, १७ मार्च. संध्याकाळी ७

गजर लावला होता. वाजला. त्याचं काम त्याने केलं. निघालो ९.२०. पोचलो १०.०९.

तलाव नको म्हणाली ठमी. म्हणाली, घरामागच्या बागेत जाऊ, चालत. दिवसभर बागेत. पोरीला चालायची आवड लागली. चांगली सवय आहे.

सोमवार, २५ मार्च. सकाळी ८.१०

दुसरी नोटीस. दहा तारखेची, तलावाच्या वाटेवरची. तीन पॉइंट. बारा.

सोबत फोटो. मी समोर बघतोय. मस्त आलोय, खरं तर हसतोय. मागून, दोन सीटांच्या मधून एक हात पुढे आलाय आणि बोट वर. नियम असावा, म्हणून ठमीचा चेहरा त्यांनी पुसट केलाय. बोट मात्र स्वच्छ दिसतं. डोळे तपासायच्या खोलीत दिव्याखाली धरून पाहिलं. ती पक्षी दाखवत असावी.

लायसन्स गेलं तर रविवारचं काय? पण नोटिशीत खाली लिहिलंय की सुनावणी मागता येते. मागितली.

मंगळवार, २ एप्रिल. दुपारी २

सुनावणी १८ तारखेला, सकाळी अकरा. लढणार. मुद्दा एकच: आकडा नुकताच बदलला होता, मी कॅमेरा सूट देतो त्या मिनिटात होतो. पुरावा? ही रोजनिशी. मिनिटासकट वेळा, रोजच्या रोज, स्वतःच्या हाताने. अशी नोंद त्यांनी जन्मात पाहिली नसेल.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, देण्याआधी एकदा वाचून बघ. मी म्हणालो, मीच लिहिलंय, मी काय वाचायचं? मालक म्हणाले, ठीक आहे, त्या दिवशी रजा घे. अख्खी घे म्हणाले.

गुरुवार, १८ एप्रिल. संध्याकाळी ६

पोचलो ११.०९. पार्किंग.

छोटी खोली. टेबल, पाण्याचा जग, मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर. सुनावणीला एक बाई. वही हात लांब करून वाचत होत्या. मी म्हणालो, तुमचा जवळचा नंबर बदललाय, एकदा तपासून घ्या. त्या थँक्यू म्हणाल्या. सुरुवात छान झाली.

वीस मिनिटं वाचत होत्या. पेन्सिलीने खुणा करत होत्या. मला वाटलं, छाप पडली.

मग विचारलं, तुमच्या घरापासून मुलीच्या घरापर्यंत किती अंतर? मी म्हणालो, नव्वद. या वहीतल्या वेळा बरोबर आहेत ना? मी म्हणालो, मॅडम, सेकंदाची चूक निघाली तर नाव बदलेन. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. शंभरने, कुठेही न थांबता आलात, तरी चोपन्न मिनिटं लागतात, म्हणाल्या. तुमची एकोणपन्नास, सत्तेचाळीस, परत एकोणपन्नास, पुढेही तसंच. आमच्याकडे दोन फोटो होते. बाकीचे रविवार तुम्ही आणून दिलेत.

सूट मिळणाऱ्या मिनिटाचं मी सांगितलं. ते खरं आहे म्हणाल्या, यंत्र तेवढी सूट देतं. पण दहा तारखेला आकडा बदलून अकरा मिनिटं झाली होती. पुढे गाडी बंद पडली तेव्हाच बदलला. वहीत मी जिथे योगायोग लिहिलंय, त्याखाली त्यांनी रेघ मारली होती. सरळ रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी.

आकडेरावाबद्दल विचारलं. म्हटलं, तिथे बसून माझ्यावर डूख धरणारा कोण तो, एकदा कळू दे. तर म्हणाल्या, असं कुणी नसतं. रस्त्याखाली तारा पुरलेल्या असतात, त्या गाड्या मोजतात. गर्दी झाली, गाडी थांबली, की यंत्र आपणहून आकडा उतरवतं आणि कॅमेऱ्याला तोच आकडा कळवतं. गाडी निळी की काळी, त्याला पत्ता नसतो.

म्हणजे इतके महिने माझ्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. याचं वाईट का वाटावं कळत नाही. वाटलं खरं.

लायसन्स सहा महिने जमा. वही परत दिली. देताना विचारलं, साडेआठला कधी एकदा तरी निघालात का हो? मी पानं चाळून शोधली, पण नाही सापडलं, म्हणाल्या. फोटोतल्या बोटाबद्दल काही विचारलं नाही. पक्ष्याचं मी पाठ करून गेलो होतो.

शनिवार, २० एप्रिल. संध्याकाळी ५

सगळं व्यवस्थित होणार आहे. बस ८.०५ ला सुटते, ९.५० ला पोचते. दहा मिनिटं हातात! हे आधीच सुचायला हवं होतं. स्टँड चालत बारा मिनिटं. ७.४० ला निघायचं. गजर तीन ठिकाणी.

रविवार, २१ एप्रिल. दुपारी १२

निघालो ७.५८. स्टँडवर ८.०९. बस गेलेली. बसला एका मिनिटाचीसुद्धा सूट नाही. पुढची ९.३५, ती पोचणार ११.२०. अकराची वेळ टळणार. रविवार बुडाला.

बायकोला फोन केला. भांडायच्या तयारीने केला होता. ती नुसतं बरं म्हणाली. नळ दुरुस्त करणारा येणार नाही म्हटल्यावर म्हणतात, तसं. मी म्हणालो, दहाला यायचं म्हणून मी किती धडपडतो ते तुला माहीत नाही. ती म्हणाली, माहीत आहे, ठमीने सांगितलंय, मी विचारलं होतं. म्हणून तर तिला अंघोळीला उशिरा पाठवत होते. वाटलं, दोन-चारदा जिन्यात ताटकळलास की साडेदहाला येशील. सावकाश येशील.

म्हणजे दहाला तिथे माझी वाट कुणीच बघत नव्हतं. ९.१२ ला निघून साठच्या जागी साठने, ऐंशीच्या जागी ऐंशीने गेलो असतो तरी पोरीचे केस जेमतेम वाळले असते.

आज आणखी काही लिहीत नाही.

रविवार, २८ एप्रिल. संध्याकाळी ७.३०

निघालो ७.३२. चक्क मी. बस मिळाली. पोचलो ९.५०. खाली बाकावर बसून राहिलो. साडेदहाला ठमी आली, केस कोरडे.

तलावाला बसने गेलो. तिला खिडकी दिली. पहिली कमान, शंभर. ती वाचेल म्हणून थांबलो. दुसरी, ऐंशी. तिसऱ्या कमानीवर साठ होता. ड्रायव्हरने काही न बोलता गाडी साठवर आणली, मागे कुणी हूं की चूं केलं नाही. मी म्हणालो, ठमे, साठ. बघतो तर झोपलेली. तोंड उघडं, डोकं माझ्या दंडावर. तलाव येईपर्यंत हललो नाही. दंडाला मुंग्या आल्या.

येतानाही झोपली. त्याआधी जांभई देत म्हणाली, बाबा, लायसन्स परत मिळालं तरी आपण बसनेच जाऊ या का? मी म्हणालो, बघू.

पाच वाजता दारात बायकोला विचारलं, पोरीला बरं नाही का? दोन्ही वेळा बसमध्ये झोपली. बायको म्हणाली, तिचं लहानपणापासून तसंच आहे, चाक फिरलं की झोप. शाळेच्या बसमधून रोज उठवून उतरवतात. मी म्हणालो, माझ्या गाडीत ती कधी झोपली नाही. एकदाही नाही.

वाक्य सुरू केलं तेव्हा अभिमानाने केलं होतं. बायकोने दार हळू लावलं, आवाज न करता, आत ठमी पुन्हा आडवी झाली होती म्हणून.

परतीची बस ५.२०. घरी ७.१७.