छपराखालचा वारा

नल्लकुंटा, हैदराबाद
१४ मे १९९८

ती. इंदुताईंना त्रिवेणीचा नमस्कार.

आम्ही तिघंही तब्येतीनं ठीक आहोत. हे आधीच लिहिते, कारण पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही घाबराल. एरवी पत्रं हेच लिहितात आणि मी खाली दोन ओळी घालते. लोणच्याची बरणी पोचली. श्रुतीनं निम्मं लोणचं नुसतंच खाल्लं. इथं ऊन फार आहे, आणि संध्याकाळी अचानक वावटळ सुटते. कपडे गोळा करेपर्यंत घरभर धूळ होते.

हे रविवारी नांदेडला तुमच्याकडे येतील. सुट्टी मिळाली म्हणून आलो, असं सांगतील. ती सुट्टी नाही. काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहायला बसले आहे.

श्रुती बॅडमिंटन खेळते हे तुम्हाला माहीतच आहे. बरकतपुऱ्याकडे नवा क्लब झाला, तिथला हॉल ह्यांच्याच कंपनीनं बांधला. साइटवर इंजिनिअर हेच. म्हणून श्रुतीला तिथं फी नाही. जानेवारीत उद्घाटन झालं तेव्हा ह्यांनी मला हॉलच्या मधोमध उभं करून वर बघायला लावलं. एवढं मोठं पत्र्याचं छप्पर आणि मध्ये एकही खांब नाही. त्या दिवशी हे किती खूश होते! मीही होते.

उन्हाळा लागला तसं हे श्रुतीला अडवायला लागले. सरळ नाही म्हणायचे नाहीत. एक दिवस तिचा चेहरा उतरलाय म्हणाले, एक दिवस पाहुणे येणार म्हणाले आणि कोणीच आलं नाही. मला वाटलं, तिच्या नरसिंगराव सरांबद्दल ह्यांच्या कानावर काही आलं असेल. मुलीची जात, तेरावं लागलंय. मी रोज तिच्याबरोबर जाऊन बसायला लागले आणि सरांवर डोळा ठेवला. माणूस कडक आहे पण सरळ. चूक दाखवायची तरी रॅकेटच्या टोकानं दाखवतात. चांगल्या माणसाकडे मी चोरासारखी बघत राहिले.

मग एक गोष्ट लक्षात आली. सकाळच्या प्रॅक्टिसला हे कधीच अडवत नव्हते. दुपारनंतर पश्चिमेकडे आभाळ भरून आलं, की मगच ह्यांना कारणं सुचायची.

एकदा जेवताना श्रुती सांगत होती, की पश्चिमेच्या टोकाला शटल उंच मारलं की आपोआप बाजूला सरकतं. सर 'गाली, गाली' म्हणून चिडतात. तेलुगूत गाली म्हणजे वारा. ती हसत होती, सर वाऱ्याला शिव्या देतात म्हणून. ह्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, ओठांखाली धरली आणि तिच्यावरून फुंकर मारली. लोंबणारी पट्टी वर उचलली गेली. वारा नुसता ढकलत नाही, वरून जोरात गेला तर खालची वस्तू वर ओढतो, असं ह्यांनी तिला सांगितलं. उंच इमारतींच्या काचा, शेडचे पत्रे, सगळ्यांना ही ओढ असते, आणि कडेला सगळ्यात जास्त. छान समजावून सांगतात हो ताई, ते तर तुम्हाला माहीत आहे.

श्रुतीनं विचारलं, "पण पप्पा, आमची तर सगळी दारं बंद असतात. मग आत वारा कुठून येतो?"

ह्यांनी पट्टी खाली ठेवली. कुठला कोपरा, शटल किती उंचावर गेल्यावर सरकतं, एवढं विचारलं आणि मग तिला म्हणाले, जेव.

त्यानंतर शेजारची मंगला मला म्हणाली, तुमचे हे दुपारी क्लबसमोरच्या इराणी हॉटेलात दिसतात. मला तर ह्यांनी नामपल्लीच्या साइटचं सांगितलं होतं. ताई, बायकोच्या मनात जे यायचं तेच माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलं तशी मी ऑटो करून गेले आणि रस्त्याच्या अलीकडे औषधाच्या दुकानात उभी राहिले.

हे एकटेच बसले होते. पुढ्यात चहा तसाच. नजर समोरच्या छपरावर. वारा सुटला, दुकानांच्या पाट्या खडखडायला लागल्या, तसे हे उठून उभे राहिले. वारा पडला, तसे खाली बसले. पुन्हा सुटला, पुन्हा उठले. आत मुलं खेळत होती. माझी मात्र त्या दिवशी घरी होती, हे म्हणाले म्हणून.

मी न दिसता परत आले. बाई असती तर काय करायचं ते मला कळलं असतं.

मागच्या गुरुवारी पुन्हा ढग आले. हे लवकर घरी आले आणि म्हणाले, बेगम बाजारात जाऊ, श्रुतीला चपला घ्यायच्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून तिच्या स्पर्धा होत्या. ती रॅकेट टाकून मोरीत जाऊन रडायला लागली. मी ह्यांना आत बोलावून स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"छपराला काय झालंय?"

"कुठल्या छपराला?"

"श्रुतीनं जायचं नाही. बाकीच्या पोरींनी जायचं?"

हे होते तिथंच फरशीवर बसले. मग हळूहळू सांगितलं. पत्रे धरून ठेवणारे हुक पुरेसे आले नव्हते. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार, तारीख पुढे ढकलता येत नव्हती. पश्चिमेच्या कडेला एकाआड एक जागा मोकळी सोडून पत्रे चढवले. नंतर भरू म्हणाले. नंतर परांची उतरवली. ह्यांनी कंपनीच्या शेठना दोनदा आठवण करून दिली, तर शेठ म्हणाले, नोकरी करायची का नाही. आता ती कड सैल झाली असावी, तिथूनच आत वारा शिरतो.

"पण उडेलच असं नाही," हे म्हणाले.

"मग श्रुतीला पाठवा."

ताई, हे उठले आणि स्कूटर काढून वाऱ्यातच गेले.

पुढचं सरांनी सांगितलं. ह्यांनी खेळ थांबवून सगळ्या मुलांना बाहेर काढलं. क्लबचे सेक्रेटरी लक्ष्मणराव ओरडत होते, तेव्हा हे दारात आडवे उभे राहिले आणि सगळ्यांदेखत काय राहून गेलंय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी माणसं वर चढली. निम्मे हुक नव्हतेच, आणि जे होते त्यांच्याभोवती पत्रा फाटत आला होता. हॉल बंद आहे, दुरुस्ती दुसऱ्या कंपनीला दिली. शेठनी सगळा दोष ह्यांच्यावर टाकून त्याच दिवशी कामावरून काढून टाकलं.

आता मुलींच्या आया घरी येतात. एकीनं तर ह्यांच्या पाया पडायला वाकून मला लाजवलं. श्रुती शाळाभर सांगत फिरते, माझ्या पप्पांनी सगळ्यांना वाचवलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी राहते आणि ऐकते.

मला नोकरीची काळजी नाही, ताई. हैदराबादेत आता जिकडे बघावं तिकडे इमारती चढतायत, काम मिळेल. पण हे म्हणतात, मी त्याच दिवशी सांगणार होतो, तू आधी विचारलंस एवढंच. आणि वारा वाढला असता तर हॉटेलातून धावत जाऊन मुलांना बाहेर काढणार होतो. एवढा रस्ता ओलांडून? मी ह्यांच्या तोंडाकडे बघते आणि मला काही समजत नाही. पूर्वी कधी अशी बघत नव्हते. हल्ली हे दूध आणायला गेले, तरी स्कूटर कुठल्या बाजूला वळली याकडे माझे कान असतात. असं किती दिवस राहायचं?

आई गेल्यावर तुम्ही ह्यांना वाढवलंत. खोटं बोलले तर तुम्हाला पाठमोरे असतानाही कळतं, असं हेच सांगतात. आल्या आल्या काही विचारू नका. चार दिवस पोटभर जेवू घाला, झोपू द्या, हे नीट झोपलेले नाहीत. मग एकदा निवांत असताना विचारा, की त्रिवेणीनं तोंड उघडलं नसतं तर तू बोलला असतास का.

जे कळेल ते मला लिहा. भाऊ म्हणून झाकू नका, आणि मला बरं वाटावं म्हणूनही काही लिहू नका. उत्तर काहीही आलं तरी त्यांना इकडंच पाठवा, हे घर त्यांचंच आहे. फक्त तुमचं पत्र त्यांच्या आधी पोचू द्या.

श्रुतीची आई,
त्रिवेणी