बुटक्या पेरूचा फोटो

अहो चिमीचे बाबा,

मी इथे अगदी मजेत आहे. हॉस्पिटलमधली ड्यूटी आता अंगवळणी पडली, जेवणही वेळेवर होतं. तुमचा खोकला कमी झाला का?

परसातल्या बुटक्या पेरूचा फोटो मिळाला. कमरेएवढं झाड आणि त्याला केवढे पेरू! पहिल्या वर्षी फुलं खुडून टाका, आधी झाड अंग धरू दे, असं मी निघताना बजावलं होतं. पण नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या, राहू द्या, तर राहिली. बाई म्हणाल्या, शेंडे छाटा, तर छाटलेत. बाई म्हणाल्या, कुंडी उन्हात सरकवा, तीही सरकली. मी लग्न झाल्यापासून पंखा पुसा म्हणतेय.

फोटोत एक फांदी फार वाकलेली दिसते. तिला टेकू द्या. बाईंनी एव्हाना दिलाही असेल म्हणा!

आणि झाडाशेजारी आपली चिमी उभी आहे. दोन वेण्या कशा चापूनचोपून घातल्यात, भांगसुद्धा सरळ. तुम्हाला तर तिची साधी शेंडी बांधता येत नाही. विचारणार नव्हते, पण राहवत नाही. कोणी घातल्या?

पेरू पिकले की पहिला बाईंनाच द्या, त्यांचा मान आहे. हवं तर पिशवीभर द्या. वेण्या मात्र मी येईपर्यंत तुम्हीच घालायच्या. वाकड्या झाल्या तरी चालतील.

तुमचीच,
चिमीची आई