विशेषणांची वाटणी

मी, कैलास भिमाजी ओव्हाळ, वय एकाहत्तर, धंदा पाट्या रंगवणे व प्लॉटच्या जाहिराती लिहिणे, राहणार पवनानगर, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालण्याचे काम आजवर मीच केले.

१. राहते घर मुलगी कोमल हिला. कुंचले आणि विशेषणांची वहीसुद्धा तिलाच. ती धरणाकाठी तंबू लावणाऱ्या कॅम्पवाल्यांसाठी जाहिराती लिहिते. मात्र ‘स्वर्ग’ हा शब्द तिने वर्षातून एकदाच वापरावा. तंबूत पाणी शिरताना मी पाहिले आहे.

२. जमिनीचा एजंट अतुल यास माझी सगळी अतिशयोक्ती. तशी ती त्याच्याकडे आधीपासूनच आहे.

३. अनुप्रास कोणालाच देत नाही. ‘धुक्याची दुलई, धरणाची धून’ ही ओळ मला अजून आवडते, काय करू! हल्ली दुपारी डोळा लागला की पाटीवरची अक्षरे उतरून भातखाचरात उभी राहतात, आणि आक्का त्यांना तण समजून सावकाश उपटत जाते. त्या स्वप्नातून उठावेसे वाटत नाही.

४. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण धोंडाबाई. तिला वाचता येत नाही. गावाने जमिनी विकाव्यात म्हणून अतुलने माझ्याकडून पत्रक लिहून घेतले होते: ‘विकास दारात उभा आहे, दार लावून घेणार का?’ ते मी तिच्याच अंगणात वाचून दाखवले. ती म्हणाली, “तू लिवलंस म्हंजी खरंच आसंल की रं.” आठवड्यात तिने अंगठा दिला. आता तिथे बंगले आहेत आणि ती त्यांच्या बागेत रोजाने खुरपते. तो प्रश्न उत्तरासाठी विचारलेलाच नव्हता, हे तिला कळले नाही आणि मी सांगितले नाही. मला याची लाज वाटते.

५. म्हणून माझे अकरा गुंठे भातखाचर आक्काला. कोमल म्हणते, “बाबा, व्ह्यू लय भारी हाय, तितं टेंट लावू.” नाही. सातबाऱ्यावर आक्काचेच नाव लागले पाहिजे.

चतुःसीमा: पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस प्रज्ञेश गायकवाड यांचे शेत, उत्तरेस धोंडाबाईचे शेत.

उत्तरेस बंगले लिहा, असे वकिलांनी दोनदा सांगितले. गट क्रमांक बरोबर आहे, काम अडणार नाही. जन्मभर खोटी वर्णने केली. हे एक शेवटचे राहू द्यावे.

खालील दोघांसमोर मोठ्याने वाचून सही केली.

कैलास भिमाजी ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
१. मुक्ताबाई धोंडिबा येवले (सही)
२. प्रदीप बाजीराव ठाकर (सही)

पवनानगर, दि. १४ डिसेंबर २०२४