नामपूरला न येणारी रेल्वे

तीर्थस्वरूप बहिरूमामा यांना, भाचा दीपक याचा इंदिरानगरहून, आधी दाराला कडी लावून आणि मग वाकून, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? सखुमामींचा खोकला थांबला का? कांदा चाळीत भरून झाला असेल तर खालून हवा खेळते आहे ना? आम्ही इकडे सगळे बरे आहोत. (हे वाक्य लिहून परत तपासलं. रूपाली बरी आहे. माझ्याबद्दल तसं म्हणणं खरेपणाला धरून नाही, पण पत्राच्या सुरुवातीला कोणी 'मला धडधडतं आहे' असं लिहीत नाही.) फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मामा, फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकून मारुतीच्या पारावर मधोमध ठेवता. मी 'मामा' म्हणालो की चार-पाच जण 'बोल' म्हणतात. अशा वेळी मला खरं बोलता येत नाही, आणि खोटं बोलायची सवय नाही. मग मी 'बाकी काय विशेष' एवढंच म्हणतो आणि घामाघूम होऊन फोन ठेवतो.

विषय रेल्वेचा आहे. सुरुवातीपासून सांगतो, कारण सुरुवात तुम्ही केलेली आहे. मी पहिलीत असताना तुम्ही मला मनमाडला नेलं होतं, आई मुंबईहून येणार होती म्हणून. (नामपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. आताही नाही. हे शेवटचं वाक्य कृपया दोनदा वाचावं.) फलाटावर इंजिन शिरलं आणि मी तुमच्या धोतरात शिरलो. बाकीची पोरं त्याला हात करत होती. मला मात्र असं वाटत होतं, की एवढं मोठं लोखंड जर मनात आणेल तर रूळ सोडून सरळ माझ्याकडे वळेल. ते का वळत नाही, याचं कारण मी पुढे पदवीपर्यंत विज्ञान शिकलो तरी मला पुरतं पटलेलं नाही. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. "घाबरू नको, तुले मी ती गाडी लहान करी देस," एवढंच म्हणालात. आणि घरी गेल्यावर काडेपेट्या सुतळीत ओवून, खाली सोड्याच्या बाटल्यांची बुचं लावून, मला माझ्या मुठीत मावेल एवढी गाडी करून दिलीत. ती मी ओसरीवर ओढली. ती माझ्याकडे वळली नाही. वळली असती तरी मी तिला उचलू शकत होतो.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी आगगाड्या लहान करतो आहे. शाळेत पुठ्ठ्याच्या केल्या, कॉलेजात पत्र्याच्या, आणि नोकरी लागल्यावर विजेवर चालणाऱ्या, खऱ्या रुळांच्या. मागची खोली आता पूर्ण त्यातच गेली आहे. लोक म्हणतात, दीपकला रेल्वेचं वेड आहे. वेड नाही हो, भीती आहे. मी अजूनही खऱ्या गाडीत बसत नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला आम्ही एसटीने गेलो, आणि पुण्याच्या लग्नांनाही एसटीनेच जातो. ('घरात दोन इंजिनं, आणि आम्ही उलटीची पिशवी घेऊन घाटात,' असं रूपाली येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते. तिचं चूक नाही.) बरं, गाडी लहान केली म्हणून भीती लहान झाली असंही नाही. माझ्या फलाटावरची इंचभर उंचीची माणसं मी रुळांपासून लांब, भिंतीला टेकवून चिकटवली आहेत. फाटक कायम बंद ठेवतो. त्या फाटकापाशी एक बैलगाडी गेली कित्येक वर्षं थांबली आहे. गाडीवानाचं तोंड मी हसरं रंगवलं होतं. आता ते पाहून मला अपराधी वाटतं.

तर गेल्या वर्षी मी नामपूर करायला घेतलं. का, हे मी रोजनिशीत बऱ्याचदा स्वतःला विचारलं. एक उत्तर असं, की जगात मला कुठे भीती वाटली नसेल तर ती तुमच्या शेतात, तेव्हा तिथून गाडी गेली तर तिचीही वाटणार नाही. म्हणून मोसम नदी केली, बाजार समितीचं आवार केलं, तुमची कांद्याची चाळ केली, आणि चाळीला लागून स्टेशन. पिवळी पाटी, काळी अक्षरं. इथवर ठीक होतं. पण मला अर्धवट काम सहन होत नाही. गावचा नकाशा मिळवून मी एकेक बांध मापात घातला आणि प्रत्येक शेतात टाचणीला कागदाचं निशाण लावून गट नंबर लिहिला. इथेच माझं चुकलं. नुसती झाडं लावली असती तर आज मी शांत झोपलो असतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ठाऊक नाही. तुमचा ललित विहिरीवरची जळालेली मोटार भरून घ्यायला नाशकाला आला, आमच्याकडे उतरला, आणि खोलीत गाडी सुरू करून त्याने व्हिडिओ काढला. प्रेमाने काढला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो गावच्या ग्रुपवर गेला. लोकांनी आपापले गट नंबर ओळखले. मी कंपनीत नकाशे काढतो हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा हा येणाऱ्या रेल्वेचाच नकाशा ठरला. (ते सांडपाण्याच्या पाइपांचे असतात. हे मी तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही ते गावात सांगितलं नसावं.) मी घाबरून लगेच फोन केला आणि म्हणालो, मामा, ते खेळणं आहे, रेल्वे-बिल्वे काही येणार नाही. तुम्ही पारावर मोठ्याने म्हणालात, "समजनं, समजनं. कोनलेच सांगाचं नाही." मागून कोणीतरी म्हणालं, 'नाही म्हणतोय म्हणजे नक्की.' मामा, आपल्याकडे रस्ता असो की कालवा, मोजणीचे खांब उभे राहीपर्यंत साहेब लोक 'नाही'च म्हणतात, हे मला मान्य आहे. पण मी साहेब नाही. मी जितक्या वेळा नाही म्हणालो, तितकी ती गाडी नामपूरच्या जवळ आली.

मग तुमच्या गावच्या नवसाबाई आल्या. पहिल्या एसटीने, डोक्यावर कांद्याची गोणी घेऊन, तीन जिने चढून. पाणीसुद्धा न पिता थेट मागच्या खोलीत गेल्या, आपलं निशाण शोधलं, आणि खाली बसून रडायला लागल्या. "भाऊ, तुनी गाडी मनी ईहीरवरतीन जाई राहिनी." मी पाहिलं. खरंच, रूळ त्यांच्या विहिरीवरून गेले होते. ती विहीर नकाशात नव्हती. मी हात जोडून सांगितलं, मावशी, हे खेळणं आहे. त्यांनी डोळे पुसले. "खेळनं शे ना? मंग सरकाई दे ना थोडंसं. तुनं काय जास?"

मामा, तुम्हीच बघा. खेळणं असेल तर सरकवायला हरकत नाही, आणि हरकत असेल तर ते खेळणं नाही. मी रूळ उखडले आणि बोटभर सरकवले. त्या समाधानाने चहा प्यायल्या, रूपालीला आशीर्वाद दिला आणि गावी जाऊन सांगितलं, की दीपकने माझ्यासाठी रेल्वे हलवली. मी भीतीपोटी, एका म्हातारीचं रडणं बघवेना म्हणून, जे केलं त्याने माझं सगळं 'नाही' पुसून टाकलं. त्यानंतर लोक रांगेने आले. कोणाला गाडी लांब हवी, कोणाला जवळ. एका गृहस्थाने मोबदला वाढावा म्हणून रुळांच्या जागेवर खरोखरची आंब्याची कलमं लावली आहेत आणि ती मी माझ्याकडेही लावावीत म्हणून फोटो पाठवला आहे. (लावली. फार आग्रह केला.)

इथपर्यंतही मी सहन केलं असतं. पण आता ललितचं लग्न ठरतं आहे. शेतकरी मुलगा म्हणून त्याला ठिकठिकाणी नकार आला, त्याचा चेहरा कसा झाला होता हे मी पाहिलं आहे. आणि आता सटाण्याकडचे गेणूअण्णा आपली शिकलेली, शाळेत शिकवणारी पूजा द्यायला तयार झाले, ते तुम्ही त्यांना 'शेताला लागून स्टेशन येतंय' असं सांगितल्यावर. येत्या रविवारी ते मुलीला घेऊन ते स्टेशन बघायला माझ्या घरी येणार आहेत, आणि तुम्ही मला कळवलं आहे की पाटी पुसून ठेव. मामा, मी पाटी पुसली. मी गप्प बसलो तर एका मुलीची फसवणूक होते. बोललो तर ललितचं लग्न मोडतं, आणि त्याला मुलगी मिळायची ही शेवटची वेळ असली तर? रात्री डोळा लागला की मला मनमाडचा फलाट दिसतो, फक्त या वेळी इंजिनाच्या पुढे हळदीचं ताट घेऊन ललित उभा असतो.

तेव्हा हात जोडून मागणं एवढंच, की रविवारच्या आत गेणूअण्णांना तुम्हीच खरं काय ते सांगा. मला गोवर आला आहे असं सांगून त्यांचं येणं पुढे ढकललंत तरी चालेल. (गोवर मला लहानपणी येऊन गेला आहे. दुसरं काहीतरी सांगा.)

मामींना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि तुम्हाला या पत्राचा राग येणार असेल तर तोही आधीच शिरावर घेतलेला आहे.

तुमचा भाचा,
दीपक

ता.क. हे पत्र मी टाकलंच नाही. पेटीपर्यंत गेलो होतो. पण हे वाचून तुम्ही लग्न मोडलंत तर ते मी मोडल्यासारखं होईल, असं वाटून परत आलो. आज रविवार होता आणि ते येऊन गेले. गेणूअण्णा, पूजा, आणि सोबत इस्त्रीचा शर्ट घातलेला ललित. पोहे झाले, चहा झाला. अण्णा खोलीत येऊन बराच वेळ रूळ न्याहाळत उभे राहिले. मला वाटलं आता माझ्या छातीचे ठोके त्यांना ऐकू जातील, म्हणून ते झाकण्यासाठी मी बोलायला लागलो आणि सगळं बोलून गेलो: हे खेळणं आहे, रेल्वे येणार नाही, मी भित्रा माणूस आहे, माफ करा. ललित भिंतीकडे बघत होता. अण्णा म्हणाले, "आमले माहीत शे. आमना गावमा तं इमानतळ बी येनार व्हतं." ते स्टेशन बघायला आलेच नव्हते. मुलाची माणसं कशी आहेत ते बघायला आले होते, आणि बहाणा आयता मिळाला होता. खेळणं आहे हे पूजाने व्हिडिओ पाहिला तेव्हाच ओळखलं होतं. फाटकापाशी बैलगाडी हलत नव्हती म्हणे.

मग ती ललितकडे वळली. आवाज चढवला नाही, वर्गात विचारावं तसं विचारलं. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? मग वडिलांना का नाही सांगितलं?" ललित म्हणाला, "बाबांना कोण सांगणार?" मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. ती म्हणाली, "तुम्ही सांगा. स्टेशन नसलं तरी मला चालेल. पण उद्या मला काही हवं-नको झालं तर ते सासऱ्यांपुढे बोलायला घरात एक तरी माणूस पाहिजे." एवढं बोलून तिने आणखी पोहे मागून घेतले. अट तेवढीच आहे. ललितने तुमच्यासमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सांगितलं की हळद, नाही तर नाही.

ता.क. २. ललित आता माझ्या शेजारी बसला आहे, आणि घरी जायला तयार नाही. मी त्याला गुरुवारपर्यंत ठेवून धीर देतो. (मी! धीर!) हे पत्र त्याच्या आधी तुमच्या हाती पडेल. मामा, हे गुपित नाही. या वेळी 'समजनं' म्हणू नका. रेल्वे खरोखर येणार नाही. तो ते सांगायला लागेल, तेव्हा त्याला मध्येच 'माहीत शे' म्हणालात तर त्याचं सांगणं सांगणं होणार नाही आणि पूजा ते मोजणार नाही. तुम्हाला ते नव्यानेच कळतं आहे असं वागा. (पूजाशी ही लबाडी होते का, यावर मी बराच विचार केला. तिने 'ललितने सांगावं' म्हटलं, 'मामांना आधी माहीत नसावं' असं म्हटलं नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. तरी मी तिच्यातून जातो आहे.)

अडचण एकच आहे, तुम्हाला दचकता येत नाही. साप निघाला तरी तुम्ही 'ये' म्हणता. या विषयात मात्र माझा अभ्यास तुमच्यापेक्षा जास्त आहे, म्हणून सांगतो. हातात कप असेल तर तो ओठांपाशी नेऊन तिथेच थांबवा, पिऊ नका. नजर ललितवर नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे. थोडा वेळ काही बोलू नका. बोलावंसं वाटलं तर मामींकडे बघा. मग खाली बसा, गुडघा दुखतो आहे म्हणून नव्हे, तर पायांत बळ नाही म्हणून. फरक दिसला पाहिजे. शिवी आली तर येऊ द्या, पण हळू आवाजात. आणि तो सगळं बोलून संपेपर्यंत उठू नका, पोराने वाक्य पुरं करायला हवं. मामींसमोर एकदा करून पाहा. जमलं की नाही ते मला पत्राने कळवा. फोन करू नका. वाजला की मी दचकतो.