बाबांच्या खांद्यासाठी मोटर

३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बाबांना उजवा हात वर करायला सांगितला. कानापर्यंत पोचला नाही. डॉक्टर म्हणाले, पॉलिशचं घासकाम पूर्ण बंद, नाहीतर हात कायमचा असाच राहील. बाबा म्हणाले, बरं. घरी आले, शर्ट बदलला आणि आमच्या फर्निचरच्या दुकानात जाऊन एका कपाटावर पॉलिशचा बोळा फिरवायला लागले.
संकल्प: या दुकानात यापुढे कोणी हाताने घासणार नाही. मोटरवर फिरणारी कापडी चाकं बसवायची. चाक फिरेल, लाकूड चमकेल, बाबा खुर्चीत बसतील. शेवटी घरातली पहिली पदवी माझी, तीही अर्थशास्त्रातली. यंत्र श्रमाची जागा कशी घेतं, यावर मी परीक्षेत पुरवणी जोडून उत्तर लिहिलं होतं. आता फक्त प्रॅक्टिकल.

४ फेब्रुवारी
जेवताना जाहीर केलं. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दुकानातलं सुतारकाम तेच बघतात, ते म्हणाले, बाईसाहेब, मोटरला दुपारचा चहा लागतो का? आई म्हणाली, आधी माझ्या पंख्याचा खडखडाट थांबव, मग फॅक्टरी काढ. दोघांकडेही दुर्लक्ष केलं. मोठ्या बदलाला पहिला विरोध घरातूनच होतो.
बाबा जेवत राहिले. संध्याकाळी मात्र समोरच्या शिंप्याला सांगत होते, आमची कन्या मशीन बसवतेय.

७ फेब्रुवारी
मोटर मिळाली. बंद पडलेल्या लाँड्रीतली आहे. अजून साबणाचा वास येतो. काका म्हणाले, कपाटं धुऊन इस्त्री करून द्यायची का? हसले नाही. थकले होते.

९ फेब्रुवारी
जुन्या बाकावर मोटर, एका दांड्यावर तीन चाकं. पहिलं ओरखडे काढायला, दुसरं चकाकीला, तिसरं मेणाला. व्हिडिओत हे काम एका दुपारी झालं होतं. आपल्याकडे तीन दिवस, कारण व्हिडिओतल्या माणसाला काका नाहीत.
संध्याकाळी बटण दाबलं. मोटर फिरली, चाकं फिरली आणि बाकही चालायला लागला. दारापर्यंत गेला. शेवटी बाक भिंतीला बोल्टने जखडला. आता तो हलत नाही. भिंत हलते. पलीकडे स्वयंपाकघरात आईचे डबे वाजतात.

११ फेब्रुवारी
पहिली चाचणी. ड्रॉवरची मूठ चाकावर टेकवली. मूठ हातातून सुटली ती खिडकीबाहेर. थोड्या वेळाने शेजारच्या काकू मूठ घेऊन आल्या. वाळत घातलेल्या चादरीत सापडली म्हणे. म्हणाल्या, पोरी, पुढच्या वेळी कपाटासकट पाठव, मला हवंच आहे.
निष्कर्ष: वस्तू चाकाच्या वरच्या बाजूला टेकवायची नाही, खालच्या बाजूला टेकवायची. संशोधनात असं होतंच.

१२ फेब्रुवारी
यश! सगळ्या मुठी आरशासारख्या. बाबांनी एक मूठ खिशात घातली आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.
काका मुठीकडे बघून म्हणाले, छान. आता कपाट कसं टेकवायचं?
हा प्रश्न माझ्याही मनात होता. बहुतेक होता. आम्ही कपाटं, टेबलं आणि दारं करतो. चाक भिंतीला जखडलेलं आहे. म्हणजे लाकूड चाकाकडे न्यावं लागेल. पण हा मशीनचा दोष नाही, लेआउटचा प्रश्न आहे. लेआउटवर उद्या विचार करते.

१४ फेब्रुवारी
लेआउटवर विचार चालू. तोवर मशीन रिकामं ठेवणं बरोबर नाही. खुंट्या, पट्ट्या, हातोडीचा दांडा, आईचं लाटणं, सगळं चमकवलं. आई म्हणाली, लाटणं हातात राहत नाही, सटकतं. म्हटलं, फिनिश चांगलं आलं की असंच होतं. काकांनी हातोडीला सुतळी गुंडाळली.

१५ फेब्रुवारी
बाबा मशीनला सरावले! आज गिऱ्हाईक आलं तसं स्वतः बटण दाबलं, स्टूल उचललं, चाकावर धरलं, म्हणाले, आमच्या मुलीने बसवलंय. दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा खुर्ची धरली. मी म्हटलं, बाबा, जड आहे. ते म्हणाले, जड कसलं, मशीन करतंय सगळं. वापरणाऱ्याने यंत्र मनापासून स्वीकारणं, हेच तर अवघड असतं.
रात्री डाव्या हाताने जेवले. म्हणाले, सहज, सवय करून बघतोय. मेंदूला चांगलं असतं ते, मी कुठेतरी वाचलंय.

१७ फेब्रुवारी
मुख्याध्यापिका बाई त्यांचं जेवणाचं टेबल बघायला आल्या. रविवारी न्यायचंय. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा मशीनचं पॉलिश. अडवायला हवं का, हे मी ठरवेपर्यंत टेबलाचे पाय सोडवून वरची फळी बाबांनी एका बाजूने आणि काकांनी दुसऱ्या बाजूने उचलली होती.
आधी चमक आली. बाई वा म्हणाल्या. मग वास आला. चाक तापलं, तसं खालचं लाखेचं पॉलिश वितळलं आणि फळीवर वीतभर पांढुरका पट्टा उठला. बाबा सावरायला गेले. खांद्यात काहीतरी झालं. फळी सोडली नाही, हळूच टेकवली आणि खाली बसले. म्हणाले, पाय घसरला.
त्यांचे पाय जागच्या जागी होते.

१८ फेब्रुवारी
हात गळ्यात बांधलाय. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनही लागू शकतं, काय उचललं होतं? बाबा म्हणाले, कुठे काय, मुलीने मशीन आणल्यापासून आरामच आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत होते.
मशीन चांगलं आहे. फळी जड होती.
बाबा आता बटणालाही हात लावणार नाहीत, हा संकल्प. यावर कुठलीही सबब चालणार नाही.

१९ फेब्रुवारी
टेबल परवा द्यायचं. काका म्हणाले, माझा हात रंध्याचा, मी बोळा फिरवला तर बाई टेबलावर जेवणार नाहीत, भांडतील. राहिले कोण? मी. एवढ्या वेळेपुरतं हातानेच. तात्पुरतं आहे, धोरण बदललेलं नाही.
बाबा खुर्चीत बसून होते. गोल फिरव म्हणाले, चोळू नकोस, फिरव. दुपारपर्यंत पट्टा फिका झाला. माझा हात वर होईना. आईने दोघांना एकाच ट्यूबमधलं मलम लावलं आणि म्हणाली, घराण्याचा खांदा.

२० फेब्रुवारी
पट्टा गेला. अर्धी फळी बाकी. सकाळपासून घासतेय. बाबा बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, मशीन जरा चालू करून ठेव.
विचारलं, कशाला?
म्हणाले, फिरू दे नुसतं. बंद दिसलं की शिंपी विचारतो.
मी उठले, बटण दाबलं. पलीकडे डबे वाजायला लागले. परत येऊन घासायला बसले.