सात नंबरची तिसरी हाक

१२ मार्च, सुपा
नोकरी लागली! वर खोली फुकट! तीन वर्षांत ही माझी चौदावी जागा, पण दारावर स्वतःचं नाव पहिल्यांदाच. खडूनं लिहिलंय, पण आहे. एमआयडीसीच्या मागं आबासाहेबांच्या भाड्याच्या दहा खोल्या. ते नगरला राहतात, गुडघे गेलेत, म्हणून बघायला माणूस हवा होता. मी एक नंबरात. काम सोपं. पाण्याच्या पाळ्या, मीटरचे आकडे, अकरा महिन्यांचे करार, पोलिसात द्यायचे फॉर्म.

आणि एक गंमत. खोली सुटली की कुलूप लावायच्या आधी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, जाणाऱ्याचं नाव बापाच्या नावासकट घ्यायचं आणि तीनदा म्हणायचं, खोली खाली झाली, निघा. त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. मला हसू आलं. आबासाहेब हसले नाहीत. म्हणाले, "तिसऱ्या हाकेनंतर कुणी ऱ्हात न्हाई, पोरा. मेलेलं बी आन जितं बी."

हायवेवरची भेळ मात्र एक नंबर. दोन प्लेटी हाणल्या.

१८ मार्च
भाडेकरू सांभाळणं म्हणजे बेडूक तराजूत तोलणं. मोटर जळाली. संडास तुंबला. तीन नंबरच्या गोजरबाई म्हणतात चारवाले चोरून ड्रम भरतात, चारवाले म्हणतात गोजरबाईच भरतात. काष्टीच्या बाजारात मी म्हशी हाकल्यात. त्या बऱ्या.

सात नंबरच्या कानिफनाथचा करार वाढवला. नेवाशाकडचा वेल्डर, शांत माणूस. खोलीला स्वतःच्या हातानं निळा रंग दिलाय. साक्षीदार म्हणून मी पूर्ण नाव लिहून सही केली. त्यानं ते दोनदा वाचलं. सहादेव म्हणजे वडील का, असं विचारलं. मग भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, ही खोली आता मी सोडत नसतो.

२५ मार्च
कानिफनाथ गेला. हायवेवर कंटेनरनं मोटरसायकल उडवली. भाऊ आला, ट्रंक घेऊन गेला. आबासाहेबांचा फोन आला, हाका विसरू नको. करारात बघून नाव घेतलं, दोन हाका दिल्या. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला, पाइप निसटला, गोजरबाईंनी बोंब ठोकली. पळालो. टँकरवाला राळेगणचा निघाला, मग त्याच्याशी बैलांवरून गप्पा रंगल्या. संध्याकाळी येऊन सातला कुलूप घातलं. तिसरी हाक राहिलीच. राहू दे, कोण मोजतंय.

१ एप्रिल
सातचं मीटर फिरतंय. मेन स्विच पाडला. तरी फिरतंय.

३ एप्रिल
गोजरबाई भांडायला आल्या. सातवाला पाळी नसताना पाणी भरतो म्हणे. "नवा भाडेकरू लई मग्रूर हाय बाबा. हाक मारली तर वळूनसुद्दा बघत न्हाई."
सातमध्ये मी कुणालाच ठेवलेलं नाही. किल्ली माझ्या खिशात आहे.

५ एप्रिल
अमृत आणि आरती, नवं जोडपं, खोली बघायला आलं. सातची किल्ली देऊन पुढं पाठवलं. लगेच परत आले. आतल्या माणसानं सांगितलं म्हणे, ही भरलेली आहे, एक नंबर खाली होतोय, तो घ्या.
एक नंबर माझा.
जाऊन बघितलं. आत कुणी नाही. भिंतीचा निळा रंग ओला आहे. बोटाला लागला. निघत नाही.

६ एप्रिल, सकाळ
आबासाहेबांना फोन केला. किती हाका दिल्या, विचारलं. दोन, म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, कानिफनाथला तुझं पूर्ण नाव ठाऊक आहे का. म्हणाले, करार बघून राहिलेली हाक आत्ता दे.
फाईल काढली. सातचा करार नाही, पोलिसाचा फॉर्मही नाही. त्याच्या बापाचं नाव आठवत नाही. आबासाहेबांनाही नाही. ते नगरहून निघालेत. येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकू नको म्हणाले.
पळून जाणं माझं नेहमीचंच. पण मी गेलो तर खोली खाली होते. त्याला तेच पाहिजे, म्हणजे हाक द्यायला कुणी उरत नाही आणि सात त्याचीच राहते. नाही जाणार. दारावर माझं नाव आहे.

दुपार
सगळे कंपनीत. लाईट गेली. दाराखालून कागद आला — करार. त्याचं नाव निळ्या रंगानं बुजवलंय. माझं मात्र जसंच्या तसं.

दारावर बाहेरून घासतंय. खडू पुसल्यासारखं —

माझं नाव. बापाच्या नावासकट. खोली खाली झाली, निघा.
आबासाहेबांचा आवाज नाही.

दुसरी.

हॉर्न! टँकर आला! जा की, बघ तिकडं, मी गेल्तो तसा जा —

गेला नाही. दारापाशीच आहे.

मी उभा आहे. मी उठलो नव्हतो. पाय दाराकडं — माझे पाय —

तिसरी. रविराज सहादे —